करुणाताईंच्या कपाटातली केबल

करुणाताईंच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्याचं नाव मोनाली होतं. डॉक्टरला दाखवून बरं होण्यातलं हे दुखणं नव्हतं. मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या वस्तीत त्या बावीस वर्षं अंगणवाडी चालवत होत्या. सहा वर्षांपूर्वी दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्या अंगणवाडीत मोनाली सेविका म्हणून लागली, आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

मोनालीनं त्यांचं काही वाकडं केलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. रस्त्यात भेटली की स्कूटी थांबवून आधी तीच "जयभीम ताई" म्हणायची. पण तिनं आपल्या अंगणवाडीच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं जिराफ काढला, आणि करुणाताईंना त्यांच्या भिंतीवरचा बारा वर्षांचा हत्ती एकदम म्हातारा दिसायला लागला. ती स्कूटीवरून बैठकीला यायची, ह्या शेअर रिक्षात चौघींच्या मध्ये दबून. वरून इंग्रजी पत्र आलं की पर्यवेक्षिका कालिंदी मॅडम ते मोनालीच्या हातात द्यायच्या, ती धडाधड वाचून मराठीत सांगायची, आणि बाकीच्या सेविका "बाई गं!" म्हणून तिच्याकडं बघायच्या. करुणाताईंना ते सगळे "बाई गं" तारीखवार पाठ होते.

घरी आल्यावर त्या नवऱ्याला सांगायच्या, "लई शहाणी समजती स्वतःला." इंद्रजीत बिडकीनकडच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीच्या बसमधून उतरून नुकता पाय मोकळे करत बसलेला. तो म्हणायचा, "मोनाली व्हय?" नाव न घेता त्याला कळायचं, याचा त्यांना आणखी राग यायचा.

एका गोष्टीत मात्र करुणाताई मोनालीच्या पुढं होत्या. ती गोष्ट म्हणजे डबा.

पाच वर्षांपूर्वी सगळ्या सेविकांना मोबाईल मिळाले. मुलांची वजनं, उंच्या, फोटो, सगळं आता त्यातल्या अ‍ॅपमध्ये भरायचं होतं. वाटपाच्या दिवशी कालिंदी मॅडम म्हणाल्या, "ही सरकारी मालमत्ता आहे. ताबा पावतीवर सही करताय ना? निवृत्त व्हाल तेव्हा फोन, चार्जर, केबल, डबा, सगळं जसंच्या तसं परत द्यायचंय." बायांनी माना डोलावल्या, आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या डब्यांत शिवणाचे दोरे गेले. करुणाताईंनी मात्र ऐकलं ते ऐकलंच. त्यांनी डब्यातून फोन तेवढा बाहेर काढला. चार्जर आणि केबल आतच ठेवून डबा पिशवीत घातला, पिशवीला चिकटपट्टी लावली, पट्टीवर आडवी सही ठोकली आणि तो लोखंडी कपाटात वजनकाट्याच्या वरच्या कप्प्यात ठेवला. जडसंग्रह नोंदवहीत, जिथं अंगणवाडीतल्या पातेल्यापासून सतरंजीपर्यंत सगळ्याची नोंद असते, तिथं लिहिलं, 'केबल, नग एक.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'न वापरलेली.' आणि रोजच्या चार्जिंगसाठी स्टेशनच्या गेटाजवळच्या हातगाडीवरून एक स्वस्तातली केबल आणली. पाच वर्षांत हातगाडीवरच्या चार केबली झाल्या. कपाटातली मात्र तशीच राहिली.

दर तपासणीला मॅडम तो डबा मागायच्या, आणि एकदा तर त्यांनी तो भर बैठकीत वर धरला. "बघा, याला म्हणतात जबाबदारी." मोनालीच्या डब्याचं झाकण कधीच हरवलं होतं, खालच्या भागात मुलांचे खडू होते आणि केबल तिच्या मुलीनं दातांनी सोलून टाकली होती. त्या दिवशी करुणाताईंनी घरी जाऊन शिरा केला. इंद्रजीतनं विचारलं, "आज काय हाय?" तर म्हणाल्या, "काय नाय, असंच."

आता छकुलीचं सांगायला हवं. छकुलीचे आईबाप बांधकामावर, सांभाळायला आजी, मनकर्णाबाई. पोरगी साडेतीन वर्षांची, आणि वजन असं की अ‍ॅपमध्ये भरलं की नावापुढं लाल खूण यायची. करुणाताईंनी सहा महिने त्या पोरीचा पिच्छा सोडला नाही. दर शनिवारी वजन, दर शनिवारी फोटो. लालाचं पिवळं झालं आणि मागच्या महिन्यात हिरवं. येत्या सोमवारच्या बैठकीत मॅडम प्रत्येकीचं काम बघून एकीची निवड करणार होत्या, आणि तिनं आपल्या एका मुलाची हकीगत फोटोंसकट जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढं सांगायची होती. छकुलीसारखं काम बीटमध्ये, म्हणजे मॅडमच्या हाताखालच्या सगळ्या अंगणवाड्यांत, दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. निदान मोनालीकडं तरी नव्हतं, हे करुणाताईंना पक्कं माहीत होतं.

कारण मोनालीनंच ते सांगितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी बैठक सुटल्यावर ती त्यांच्यामागं धावत आली होती. "ताई, छकुलीचं वजन कसं वाढवलंत हो? माझ्याकडं शिवम आहे, तीन वर्षांचा. काटा हलतच नाय. तोंडच उघडत नाय पोरगं."

करुणाताई म्हणाल्या, "नियमाप्रमाणंच करते मी. वेगळं काय असणार?" आणि पदर खोचून रिक्षाकडं गेल्या.

वेगळं होतं. काय ते फक्त त्यांना आणि त्यांच्या मदतनीस केसरबाईंना ठाऊक होतं. बाकी सगळं येतं ना हिला, मग हेही शोधू दे, असं करुणाताईंना त्या दिवशी वाटलं. खोटं कशाला बोला, रिक्षात बसल्यावर त्यांना बरं वाटलं होतं.

आणि शुक्रवारी फोन बसला.

अ‍ॅप उघडलं तर आधी फोनचं नवीन अपडेट घ्या म्हणालं. करुणाताईंनी बटण दाबलं. फोनमध्ये फोटोंची इतकी गर्दी होती की नव्याला पाय ठेवायला जागा नव्हती. अपडेट अर्ध्यात थांबलं, पडदा काळा झाला, कंपनीचं नाव आलं, पुन्हा काळा, पुन्हा नाव. केसरबाई पातेलं घासता घासता वाकून म्हणाल्या, "गेला काय ओ ताई?"

"जातंय कुठं? तुम्ही घासा."

शनिवारी मुलं घरी गेल्यावर त्या स्टेशन रोडवरच्या केयूरच्या दुकानात गेल्या. फॉर्म भरणं, प्रिंट, झेरॉक्स, मोबाईल, असं सगळंच तिथं व्हायचं. केयूरनं दोन बटणं एकदम दाबून फोन एका काळ्या पडद्यावर आणला, बारीक इंग्रजी अक्षरांची यादी आली. "ताई, डरने का नाय. कॉम्प्युटरवरून आत अपडेट ढकलता येतं, तुमचे फोटो जागच्या जागी राहतात. फक्त कॉम्प्युटरला फोन दिसला पाहिजे."

फोन काही दिसेना. केबल कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत घातली, मग मागच्या खाचेत. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ड्रायव्हर नावाचं काहीतरी टाकलं. काडी घेऊन फोनच्या तोंडातली धूळ काढली. "चार्ज तो हो रहा है," केयूर म्हणाला, "पण बोलत नाय." त्यानं स्वतःची केबल दिली असती, पण त्याच्याकडं सगळ्या नव्या तोंडाच्या, ह्या जुन्या फोनला न लागणाऱ्या. शेजारच्या दुकानातून जुन्या तोंडाची एक कोरी केबल आणली, तिचीही तीच तऱ्हा.

"पुसून टाकू का? पाच मिनिटांत नव्यासारखा करतो. आतलं सगळं जाईल मात्र."

करुणाताईंनी फोन त्याच्या हातातून काढूनच घेतला.

"मग मोनालीताईंकडं जा ना," तो म्हणाला. "त्यांचाबी असाच अडकला होता. माझ्याकडून पेन ड्राइव्हमध्ये फाईल नेली आणि घरी लॅपटॉपवर स्वतः केला. मानलं त्यांना."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय, ते बघायचं असेल तर त्या क्षणी करुणाताईंकडं बघायला हवं होतं. झेरॉक्सवाला, मॅडम, बाकीच्या सेविका, सगळ्यांनी तिलाच मानावं! पण सोमवारच्या आधी आता एकच दिवस उरला होता आणि छकुलीचे सव्वीस शनिवार त्या काळ्या काचेच्या आत होते.

रविवारी सकाळी त्या मोनालीच्या दारात उभ्या राहिल्या. आपल्याला पाहून हिच्या तोंडावर हसू येतं का, ते त्यांनी आधी तपासलं. आलं नाही. "या ना ताई, जयभीम. फोन का? माझ्या पण फोननं दोन दिवस खाल्ले."

घर दोन खोल्यांचं. लॅपटॉप नणंदेनं वापरून दिलेला, त्याचं एक बटण निघालेलं. हे पाहून करुणाताईंना थोडं बरं वाटलं. पण मोनाली ज्या सराईतपणानं तो उघडून बसली, ते पाहून ते बरं वाटणंही गेलं.

मोनालीनं फोन काळ्या पडद्यावर नेला, यादीतल्या योग्य ओळीवर आणला, केबल लावली आणि कान देऊन बसली. "टुंग असा आवाज यायला पाहिजे," ती म्हणाली. आवाज आला नाही. तिनं खाच बदलली. लॅपटॉप पुन्हा चालू केला. ड्रायव्हर पाहिला, तो तर तिनं स्वतःच्या फोनसाठी टाकलेलाच होता. मग तिनं केबल काढून डोळ्यांजवळ धरली.

"ताई, ही केबल कुठली?"

"गेटावरची. कामून? चांगली चार्ज होती की."

"तेच तर. चार्जिंगला दोन तारा पुरतात. बोलायला चार लागतात. ह्या स्वस्तातल्या केबलीत दोनच असतात, लॅपटॉपला नुसती वीज जाते. मी पण शेवटी भावाच्या जुन्या फोनची केबल मागून आणली होती, ती परत गेली गंगापूरला." मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अहो, तुमच्याकडं आहे की! डब्यातली! फोनसोबत आलेली. ती चारीच्या चारी तारांची असणार, आणि तुमची तर कोरी आहे."



"ती सरकारी हाय," करुणाताई म्हणाल्या.

"फोन पण सरकारीच आहे ना ताई."

हे बोलताना मोनाली हसली. साधंच हसली, पण करुणाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. डबा फोडायला लावते ही मला! बीटमध्ये एक डबा शाबूत आहे, तोही हिला बघवत नाही. त्यांनी फोन उचलला, "बघते" म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या. चहा गॅसवर तसाच राहिला.

घरी न जाता त्या अंगणवाडीत गेल्या. रविवारची बंद खोली, भिंतीवर तो म्हातारा हत्ती. कपाट उघडून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि सतरंजीवर बसल्या. पट्टी पिवळी पडली होती, सही तशीच होती. हे फोडलं की आपला डबाही सगळ्यांच्या डब्यासारखा. मग आपल्यात आणि मोनालीत फरक काय राहिला? जो राहिला तो सगळा तिच्याच बाजूचा. ती शिकलेली, ती तरुण, तिला इंग्रजी येतं, तिला मशीनशी बोलता येतं. आपल्याकडं काय, तर न वापरलेली एक तार. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मोनालीचाच राग आला.

दार उघडं दिसलं म्हणून समोरच्या घरातून छकुली आली. मागोमाग मनकर्णाबाई, "अगं रविवार हाय, आज खिचडी नाय!" म्हणत. छकुलीनं ऐकलं नाही. तिनं करुणाताईंकडं पाहिलंही नाही. सरळ भिंतीवरच्या खिळ्याकडं गेली, टाचा उंचावून त्याला टांगलेली आपली छोटी पळी काढली आणि रिकाम्या पातेल्यापाशी जाऊन उभी राहिली, वाढायला तयार.

वेगळं होतं ते हेच. समोर ताट ठेवलं की ही पोरगी तोंड मिटून घ्यायची. मांडीवर घ्या, चिऊकाऊ करा, काही नाही. एक दिवस केसरबाईंनी वैतागून तिच्या हातात पळी दिली, "तू खात नाय ना, मग वाढ दुसऱ्यांना." पोरगी एकेकाच्या ताटात वाढत गेली, सगळ्यांना वाढून झालं आणि केसरबाईंच्या शेजारी बसून स्वतःचं ताट चाटूनपुसून संपवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. करुणाताईंनी तिला अंगणवाडीची वाढपीच करून टाकलं. सहा महिने तिनं सगळ्यांना आधी वाढलं, मग खाल्लं.

"ताई, वाढू?" छकुलीनं रिकाम्या पातेल्यात पळी वाजवली.

करुणाताईंनी पट्टीला नख लावलं. पाच वर्षांची पट्टी, निघताना पिशवीही फाटली. आत केबल होती, काळी, मऊ, कंपनीनं बांधलेल्या बारक्या तारेच्या वेटोळ्यात.

त्या पुन्हा मोनालीच्या दारात गेल्या तेव्हा मोनालीनं कुठं गेला होतात, असं विचारलं नाही. उशीर झाला, असंही म्हणाली नाही. केबल घेतली आणि लावली.

टुंग.

एवढासा आवाज, पण दोघी एकदम "आला!" म्हणाल्या. मोनालीनं एक ओळ टाइप केली. पडद्यावर टक्के चढायला लागले. सत्तेचाळीसवर येऊन आकडा थांबला तो थांबलाच. करुणाताईंनी मोनालीचा दंड धरला. "अडकलं गं!"

"नाय अडकलं. माझं पण इथंच थांबलं होतं. पुढचं काम फोन आतल्या आत करतो. फक्त केबलला हात नका लावू."

दोघी हात मांडीवर ठेवून बसल्या. मग फोनवर कंपनीचं नाव आलं, आणि ह्या खेपेला ते गेलं नाही. त्यामागून अंगणवाडीचा नेहमीचा पडदा आला. मोनाली म्हणाली, "आधी फोटो लॅपटॉपवर उतरवून घेऊ. पुन्हा घोटाळा नको." चित्रं भराभरा उतरायला लागली, छकुलीमागून छकुली. बरगड्या दिसणारी, मग गालांवर मांस आलेली, मग हसणारी. सगळे सव्वीस शनिवार शाबूत होते. करुणाताईंनी मनातल्या मनात सोमवारची बैठक जिंकून घेतली, आणि तिरप्या नजरेनं मोनालीकडं पाहिलं. हिला आता जळू दे जरा.

मोनाली पडद्याजवळ वाकली होती. "ताई, हिच्या हातात प्रत्येक फोटोत ही पळी कामून आहे?"

झालं. 'असंच' म्हणणं सोपं होतं. 'खेळत होती' म्हणणं त्याहून सोपं. मोनालीनं विश्वास ठेवला असता. ती ठेवतेच, हाच तर तिचा दोष. करुणाताईंच्या ओठांवर 'असंच' येऊन थांबलं. त्यांना दोन महिन्यांपूर्वीची ती रिक्षा आठवली. दोन महिन्यांचे आठ शनिवार. तिकडं दोन गल्ल्या सोडून काट्यावर बसलेला, न हललेला शिवम.

"ती खात नव्हती," त्या म्हणाल्या. "वाढायला दिलं की खाते. आधी सगळ्यांना वाढती, मग मोठ्या माणसाच्या शेजारी बसून स्वतः. कुणी तोंडाकडं बघायचं नाय तिच्या. एवढंच हाय." मग म्हणाल्या, "मागंच सांगायला पायजे होतं मी."

आता मोनाली काहीतरी लागेल असं बोलेल म्हणून त्या मान खाली घालून बसल्या. पण मोनालीनं ते शेवटचं वाक्य ऐकलंच नसावं. ती उठली होती. स्वयंपाकघरात जाऊन तिनं भांड्यांत खडखडाट केला, एक छोटी पळी हुडकून काढली, डब्यात भात-वरण भरलं. "ताई, बसा हं, मी शिवमच्या घरी जाऊन येते. ही त्यांची जेवायची वेळ आहे, पोरगं आत्ताच ताटावर असेल. चहा गाळून घ्या तुमचा." आणि रविवार असून, केस न विंचरता, स्कूटी घेऊन ती गेलीसुद्धा.

करुणाताई परक्या घरात एकट्या बसून राहिल्या. त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं, आणि ह्या वेळी त्यावर 'लई शहाणी समजती' म्हणता येईना. हिला उठायला एक मिनिट लागलं नाही. आपल्याला दोन महिने लागले. इंग्रजीचा, स्कूटीचा, जिराफाचा हेवा त्यांनी सहा वर्षं केला होता. त्या सगळ्याचा मिळून आजच्याएवढा झाला नव्हता.

त्यांनी चहा गाळला. एक कप झाकून ठेवला. केबल पहिल्यासारखी गुंडाळायला घेतली, पण ती बारकी तार मोडली. मग ती तशीच मोनालीच्या लॅपटॉपशेजारी ठेवून दिली.

सोमवारी बैठकीआधी केसरबाईंनी पाहिलं, ताई जडसंग्रह नोंदवही उघडून बसल्या होत्या. 'केबल, नग एक' समोरचा पाच वर्षांचा शेरा त्यांनी एका रेघेनं खोडला. पुढं लिहिलं, 'वापरात. मोनालीकडे.' खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.